कडक रबर आणि दप्तरखोलीतलं कपाट

बॅटचं जुनं रबर अर्धं सोलून झालं होतं, तेवढ्यात ज्योती मॅडमचा फोन वाजला. त्यांनी स्पीकर लावून फोन माझ्या टेबलावर ठेवला.

"मॅडम, रबर बदलायलात म्हणं?" पलीकडे नायब तहसीलदार कदम साहेब होते.

"हो सर. बॅकहँडचं."

"कावून? महिन्यावर ट्रायल हाय. चालू बॅट कुणी उघडतं का? त्या कोचला सांगा, हाय तसं चिकटवा."

"अर्धं निघालंय सर."

"मग अर्धंच ऱ्हाऊ द्या!" फोन बंद झाला. मॅडम हसल्या. "काढा सर उरलेलं."

मी बीडमध्ये टेबल टेनिस शिकवतो आणि बॅटींना रबर लावून देतो. ज्योती मॅडम नेकनूरकडच्या तलाठी. महसूल खात्याच्या विभागीय स्पर्धेत मिक्स्ड डबल्सला कदम साहेबांची जोडीदार कोण, ते या ट्रायलमध्ये ठरणार होतं. समोर होत्या कडा गावच्या एक क्लार्क बाई. मागच्या वेळी त्यांनी जवळजवळ प्रत्येक सर्व्हिस मॅडमच्या बॅकहँडला टाकली आणि जागा नेली. आता मॅडमच्या जिल्ह्याबाहेर बदलीचा नंबर जवळ आला होता. जिल्ह्याकडून खेळायची ही बहुतेक शेवटची वेळ.

मी तीन पाकिटं समोर ठेवली. रबराखाली स्पंज असतो आणि त्याचा कडकपणा डिग्रीत मोजतात. चाळीसच्या आसपास मऊ, पन्नासच्या आसपास कडक. मऊ स्पंज चेंडूला स्वतःच उसळी देतो. हात अर्धवट फिरला तरी चेंडू पलीकडे जातो. कडक स्पंज फुकट काही देत नाही. पूर्ण स्ट्रोक मारला, तर चेंडू वेगाने आणि भरपूर स्पिन घेऊन जातो. अर्धा मारला की नेटमध्ये.

"मधलं घ्या," मी म्हणालो. "हातात वेळ कमी आहे. जोखीम नको."

त्यांनी तिन्ही रबरं अंगठ्याने दाबून पाहिली. "सर, माझं चुकतंय हे मला कोणत्या रबरावर कळंल?"

प्रश्न सरळ होता, त्यामुळे उत्तरही सरळ देणं भाग होतं. "कडक. पण ट्रायलपर्यंत हात बसेल याची मी गॅरंटी देत नाही."

"गॅरंटी कुणी मागितली? मऊ रबर लई गोड बोलतं सर. तेच लावा, कडक."

इतकी वर्षं मी रबरं लावतो. लोक विचारतात, कोणत्या रबराने जिंकेन? हा प्रश्न पहिल्यांदाच ऐकला. मी रबराला आणि ब्लेडला, म्हणजे बॅटच्या लाकडाला, ग्लू लावला, सुकू दिला, रबर ब्लेडवर रोलरने बसवलं आणि कडा कापल्या.

पहिला आठवडा वाईट गेला. मी बॅकहँडला चेंडू टाकायचो आणि दहातले सात नेटमध्ये जायचे. जुन्या मऊ रबरावर हेच सातही पलीकडे गेले असते. म्हणून तर चूक इतके दिवस लपून राहिली. चूक मला माहीत होती. त्यांचं कोपर बरगडीला चिकटलेलं असायचं. बॅकहँड मारताना कोपर अंगापासून सुटून थोडं पुढे हवं, म्हणजे मनगटाला मागे जायला जागा मिळते. "कोपर सोडा," हे मी त्यांना वर्षभर सांगत होतो. चेंडू जात असताना असलं कोण ऐकतं?

दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी त्या मध्येच थांबल्या. बाजूला वळून मोकळ्या जागेकडे बघत राहिल्या.

"काय झालं?"

"सर, इथं माझ्या बाजूला काहीच न्हाई."

"नाहीच."

"आमच्या तहसीलच्या दप्तरखोलीत हाय. लोखंडी कपाट. खेळायचं टेबल तिथंच लावलंय ना. हात जरा फाकवला की कोपर कपाटावर आपटतं. मी तिथंच खेळायला शिकले, कदम साहेब बी तिथंच." त्यांनी स्वतःचं कोपर चोळलं. "इथं पण मी त्या कपाटाला सांभाळूनच खेळायलेय की!"

त्यानंतर कोपराबद्दल मला पुन्हा बोलावं लागलं नाही. चेंडू नेटमध्ये गेला की त्या स्वतःच म्हणायच्या, "कपाट!" आणि पुढचा मोकळ्या हाताने मारायच्या. ऑफिस सुटल्यावर बसने यायच्या, एक दिवसही चुकवला नाही. तिसऱ्या आठवड्यात आवाज बदलला. पूर्ण स्ट्रोक बसला की कडक रबर कोरडं, ठाम वाजतं.

ट्रायलला कड्याच्या बाईंनी पहिली सर्व्हिस बॅकहँडला टाकली. मॅडमनी फटका मारला. नेट. दुसराही नेट. कदम साहेब माझ्या कानाशी आले. "म्हणलं न्हवतं मी?" मॅडमनी पहिला गेम घालवला. मला एकच भीती होती, की आता त्या हात आखडून नुसता चेंडू ढकलतील. त्यांनी आखडला नाही. जे चेंडू नेटमध्ये जात होते, ते त्याच पूर्ण हाताने मारत राहिल्या आणि हळूहळू ते पलीकडे पडू लागले. पाचव्या गेममध्ये मॅडमच्या मॅच पॉइंटवर पुन्हा तीच लांब सर्व्हिस बॅकहँडला आली. मॅडमनी ती कोपऱ्यात मारली. बाई जागेवरून हलल्याही नाहीत. मग येऊन त्यांनी मॅडमची बॅट उलटून पाहिली. "बाई गं, तुझ्या बॅकहँडला आता कुणी टाकावं?"

विभागीय स्पर्धेत जोडी सेमीफायनलला हरली. समोरच्यांनी सगळा मारा एकाच बॅकहँडवर ठेवला होता. कदम साहेबांच्या.

परतल्यावर साहेब स्वतः आले. "मॅडमचं तेच रबर मला बी लावा."

मी लावलं. आठ दिवसांत ते मॅडमला घेऊन परत आले आणि बॅट टेबलावर आपटली. "नासकं हाय हे. एक चेंडू जाईना!"

मी मॅडमकडे पाहिलं. त्यांनी बॅट उचलली, भिंतीवर चार बॅकहँड मारले. तोच कोरडा, ठाम आवाज.

"सर, रबर चांगलं हाय," त्या म्हणाल्या. "तुमी आधी कपाट हलवा."

साहेबांना कळायला थोडा वेळ लागला. सोमवारी चार माणसांनी दप्तरासकट कपाट सरकवलं. साहेबांचे चेंडू अजून नेटमध्येच जातात, पण रबराला शिव्या देणं थांबलंय.

आता कुणी बॅकहँडचं रबर बदलायला आलं, की डिग्री नंतर. मी आधी विचारतो, टेबल कुठं मांडलंय?