वहिनींनी सांगितलेलं कार्टून

गेवराईच्या बसस्टँडमागे माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. व्हीसीआरचे दिवस संपत आले होते तेव्हाची गोष्ट. एका गिऱ्हाइकानं त्याचा व्हीसीआर आणून टाकला आणि परत न्यायला तो कधी आलाच नाही. आत एक कॅसेट अडकली होती. हेड साफ केलं, पट्टा बदलला आणि मशीन चालतंय का बघायला तीच कॅसेट लावली. पडद्यावर काळंपांढरं कार्टून सुरू झालं. एक मांजर आणि एक डुक्कर रबरासारखे हातपाय लांबवत नाचत होती. बोलणं काही नाही, मागं नुसता पियानो. आणि हे सगळं भर पावसात. पाऊस एवढा की मधेच मांजराचं तोंडही दिसेनासं व्हायचं. तरी कुणी भिजत नव्हतं, कुणी छत्री उघडत नव्हतं. मला त्याचंच हसू यायचं. ती कॅसेट मी कितीतरी वर्षं बघत राहिलो.

तो पाऊस नाही, हे मला सरांनी सांगितलं.

सर म्हणजे गावातल्या एका खाजगी संस्थेच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवणारे. माझ्याच वयाचे. एकदा घरचा डीव्हीडी प्लेअर घेऊन दुकानात आले आणि काम होईपर्यंत स्टुलावर बसले. समोर माझी कॅसेट चालू होती. थोडा वेळ बघून म्हणाले, "मिस्त्री, पाऊस न्हाई तो. फिल्मवरचे ओरखडे हायत."

मग त्यांनी समजावून सांगितलं. परदेशात काही लोक असल्या जुन्या रिळांच्या मागं लागलेले असतात. कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या तळघरात सापडलेली रिळं ते आणतात, धुतात, एकेका चित्रावरचे ओरखडे पुसतात आणि त्यांच्या डीव्हीडी काढून विकतात. मला ते खरं वाटलं नाही. पण तीन-चार महिन्यांनी सर खरोखरच एक डीव्हीडी घेऊन आले. त्यांच्या पुण्यातल्या चुलतभावानं कार्डावर मागवून दिली होती. बाहेरच्या डीव्हीडीला कंपनीनं कुलूप घातलेलं असतं, त्यामुळं आपल्याकडच्या प्लेअरवर ती चालेना. ते कुलूप रिमोटची बटणं दाबून कसं उघडायचं हे मला ठाऊक होतं. उघडलं. तेच मांजर, तेच डुक्कर. पाऊस गेलेला. त्यांच्यामागं एक टेकडी होती, टेकडीवर बारकी बारकी घरं, आणि एका घरासमोर दोरीवर कपडे वाळत घातलेले. इतकी वर्षं बघूनही ती दोरी मला कधी दिसली नव्हती. मी उठून टीव्हीच्या अगदी पुढ्यात जाऊन बसलो. मागून सर हसत होते.

तेव्हापासून रविवारची दुपार ठरून गेली. दुकानावरच आमचं घर. जेवणं झाली की सर यायचे, माझी बायको भजी तळायची आणि आम्ही दोघं बघत बसायचो. मशीन माझं, इंग्रजी सरांचं. प्रत्येक डीव्हीडीबरोबर एक पुस्तिका यायची, ती सर मोठ्यानं वाचून मराठीत सांगायचे. रीळ कुठं सापडलं, कुणी काढलं, आधी किती खराब होतं. एका चित्रकारानं म्हणे बायकोच्या चालीवरून कोंबडी काढली आणि ते ओळखल्यावर बायको त्याच्याशी जन्मभर बोलली नाही. ही गोष्ट मी दुकानात येणाऱ्या कितीतरी लोकांना सांगितली. अहो-जाहो जाऊन आम्ही एकमेकांना अरे-तुरे करायला लागलो. मनात मात्र तो 'सर'च राहिला.

मला एक सवय होती. मांजरानं उडी मारली की मी थांबवायचो आणि एकेक चित्र पुढं सरकवत बघायचो. उडीच्या मधोमध मांजर मांजरासारखं दिसतच नाही, नुसता काळा डाग असतो. पुन्हा चालू केलं की मांजर होतं. मला त्याचं फार नवल. सर गप बसून भजी खायचा. त्यालाही ते आवडतं असं मी धरून चाललो होतो.

अशा मागवलेल्या डीव्हीडींनी माझ्या लोखंडी कपाटातला एक कप्पा भरला. एका पुस्तिकेत एका गाढवाचा उल्लेख आला. टपाल वाटणारं गाढव. ते कार्टून जगातून नाहीसंच झालंय असं सगळे समजत होते, पण आता त्याचं एक रीळ सापडलं होतं. गाढव नदीत पडतं तिथपर्यंतच. पुढचं जळून गेलेलं. ते लोक उरलेला भाग शोधत होते, आणि सापडला की डीव्हीडी काढणार होते. जे आधी नाव नोंदवतील त्यांची नावं पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर छापणार होते.

"आपली दोघांची नावं टाकू," सर म्हणाला. "खाली गेवराई. कळू दे की तिकडं बी."

त्यानंतर दोन वर्षं दर रविवारी माझा पहिला प्रश्न एकच. गाढवाचं काय झालं? आणि दर रविवारी आम्ही दोघं अंदाज बांधायचो, की नदीत पडल्यावर त्या पत्रांचं काय होत असेल. मी म्हणायचो, मासे वाचत असतील. सर म्हणायचा, गाढवच वाळवत बसत असेल.

मग एका रविवारी तो आला आणि चप्पल काढता काढताच म्हणाला, "बारगळलं मिस्त्री. शेवट सापडलाच न्हाई त्यांना. तसं पत्र आलंय." मला एवढं वाईट वाटलं की त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

त्याच साली तो मुख्याध्यापक झाला. पाठोपाठ त्याचं येणं कमी झालं. गावाकडं चकलांब्याला आई आजारी आहे, रविवारी तिकडं जावं लागतं, असं म्हणाला. पडल्या पडल्या म्हातारीला विरंगुळा म्हणून मी एक रेडिओ दुरुस्त करून त्याच्याबरोबर पाठवला. रविवारी मी एकटाच बसायचो, पण आधी मागवून ठेवलेल्या नवीन डीव्हीडी उघडायचो नाही. पुस्तिका कोण वाचणार? त्या तशाच प्लास्टिकमध्ये ठेवून दिल्या.

पुढं एकदा नेकनूरला एका पाहुण्याची डिश बसवायला गेलो होतो. परतताना बसच्या थांब्यावर सरांच्या बायको भेटल्या. त्यांचं माहेर नेकनूरचं. मी म्हटलं, "वहिनी, सासूबाईंची तब्येत कशी हाय आता?"

"त्यांना काय झालंय?" त्या म्हणाल्या. "दिवाळीपासून आमच्याकडंच हायत. ठणठणीत."

मी काही बोलायच्या आत त्याच हसायला लागल्या. "पर भावजी, तुमी दोघं लई येडे हायत बगा. लहान लेकरावानी दर रविवारी कार्टून बगत बसता. आमी म्हनतो, जाऊ द्या, मिस्त्रींकडंच जात्यात ना, दुसरीकडं कुठं न्हाई. अन् घरी आले की आमाला समदं करून दावत्यात. परवा ते गाढवाचं सांगितलं, लेकरं पोट धरून हसली."

"कोणतं गाढवाचं?"

"आता तुमीच बगितलं अन् मलाच इचारता? ते टपाल वाटतं की. नदीत पडतं, अन् पिशवीतली पत्रं भिजत्यात. मग त्यातली अक्षरंच पोहत पोहत काठावर येत्यात. कुत्र्यावानी अंग झटकत्यात, अन् मुंगळ्यावानी रांग लावून परत पाकिटात शिरत्यात. पर घाईत भलत्याच पाकिटात!" बोलता बोलता त्यांनी बोटांनी पदरावर अक्षरं चालवून दाखवली. "मग ज्याला त्याला दुसऱ्याचंच पत्र जातं, अन् समदे खूश. शेवटी एक पाकीट उरतं, ते गाढव खाऊन टाकतं."

मी बसमध्ये बसलो तेव्हा वहिनी पुढच्या सीटवर होत्या आणि बीड येईपर्यंत काहीबाही बोलत होत्या. माझं लक्ष नव्हतं. नदीच्या पुढचं मी आत्ता ऐकलं होतं. शेवट सापडला होता. तो सरानं बघितला होता, घरी जाऊन बायकापोरांना करून दाखवला होता, आणि मी मासे पत्रं वाचत असतील म्हणून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो. मुख्याध्यापकांच्या खोलीत तो एकटाच होता. मी उभ्या उभ्याच विचारलं, "गाढव पाकीट खातं का शेवटी?"

तो उठला आणि त्यानं दार लोटलं. "मी सांगणारच व्हतो."

"कावून न्हाई सांगितलं?"

त्यानं सांगितलं. संस्थेच्या अध्यक्षांना जुन्या दुर्मिळ वस्तूंचा नाद. शेतातल्या बंगल्यावर त्यांनी मोठ्या पडद्याची खोली बांधलेली. बोलता बोलता सर त्यांना गाढवाबद्दल सांगून बसला. ते म्हणाले, आली की आणा. आली, आणि यानं नेली. मग दर रविवारी बोलावणं यायला लागलं. माझ्याकडून बघायला म्हणून नेलेल्या आठ-दहा डीव्हीडीही तिथंच होत्या.

"अन् ही खुर्ची?" मी विचारलं.

त्यानं टेबलावरची घंटी उगाच सरळ करून ठेवली. मग म्हणाला, "ह्या रविवारी तू बी चल. बघ तरी."

मी नको म्हणायला हवं होतं. पण ते गाढव बघायची हाव सुटत नव्हती. रविवारी त्याच्या मोटारसायकलवर मागं बसून गेलो.

बंगल्यातल्या खोलीत जाड पडदे ओढलेले होते, दुपार असून आत अंधार होता. अध्यक्ष आणि आणखी पाच-सहा जण सोफ्यावर बसलेले. सर पुढं झाला आणि म्हणाला, "साहेब, हे आमचे टीव्ही मेकॅनिक. डावीकडचा स्पीकर बोलत न्हाई म्हनला होता ना, म्हणून घेऊन आलो." आणि त्यानं स्वतःच्या खिशातून स्क्रूड्रायव्हर काढून माझ्या हातात दिला. घरून निघतानाच त्यानं तो बरोबर घेतला होता.

मी स्पीकरमागं बसलो. वायर सैल झाली होती, पाच मिनिटांचं काम. कसली अडचण नव्हती, पण मला लवकर उठवेना. मागं अध्यक्ष विचारत होते, "सर, हे सगळं जमवायला तुम्हाला किती वर्षं लागली हो?"

"धा-बारा वर्षं गेली, साहेब," सर म्हणाला.

काम झाल्यावर मला दाराजवळ खुर्ची मिळाली. शेजारच्या तिपाईवर ती पुस्तिका पडली होती. इंग्रजी मला वाचता येत नाही, पण अक्षरं जुळवून नाव लावता येतं. शेवटचं पान काढलं. बोट फिरवत खाली आलो. सराचं नाव होतं. त्याखाली अध्यक्षांचं. दोघांखाली गेवराई.

मग गाढव सुरू झालं. काय सांगू, चित्र इतकं स्वच्छ की शाई आत्ताच वाळल्यासारखी. वहिनींनी जसं सांगितलं होतं तस्संच अक्षरं पाण्याबाहेर आली आणि त्यांनी अंग झटकलं. खोलीतले सगळे खो खो हसले. एका ठिकाणी मलाही हसू आलं, आणि आलं म्हणून स्वतःचाच राग आला. कुठंही थांबवता येत नव्हतं. सात-आठ मिनिटांत संपलं.

येताना आम्ही हायवेला लागलो. मग मोटारसायकल चालवता चालवताच तो म्हणाला, "खरं सांगू? तुज्याकडं मला कधी धड हसताच आलं न्हाई बे. दर दोन मिन्टाला थांबवतोस. तिथं लोक बघत्यात अन् हसत्यात, बस."

"मग इतकी वर्षं कावून आलास?"

"भजी चांगली व्हायची," तो म्हणाला. त्यानं ते गमतीत म्हटलं असेल. मी त्याला गाडी बाजूला घ्यायला सांगितली आणि उतरलो. उसाचे ट्रक जात होते, मी कडेकडेनं चालत घरी आलो. तोंडावरची धूळ धुतल्यावर बायकोनं विचारलं, कुठं गेलता? सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "भज्यांचं म्हनला का?" आणि आत गेली. तिलाही ते लागलं होतं, हे मला नंतर कळलं.

पुढं मी नवा फोन घेतला. कॅमेरा इंग्रजी पानावर धरला की मराठी दिसतं, असं एका गिऱ्हाइकानं दाखवलं. वेडंवाकडं मराठी, पण अर्थ लागतो. मी कपाटातल्या पुस्तिका काढल्या आणि एकेक पान बघायला लागलो. कोंबडीवाल्या चित्रकाराचं पान काढलं. त्यात बायको नव्हती. त्यानं लग्नच केलं नव्हतं. चाल नव्हती, भांडण नव्हतं. मी पुन्हा पुन्हा फोन धरला. मग बाकीच्या पुस्तिका घेतल्या. काही त्यानं शब्दाशब्दानं खऱ्या सांगितल्या होत्या. काहींमध्ये मधेच आपल्या मनचं घातलं होतं, आणि तेच नेमकं मला सगळ्यात जास्त आवडलेलं. महिनाभर मी हे निवडत बसलो. गाढवाचं एक वेळ समजलं; त्याला खुर्ची हवी होती. पण या गोष्टी त्यानं कशासाठी रचल्या? मला खूश करायला, की वाचायचा कंटाळा आला म्हणून? ते मला आजही कळलेलं नाही. विचारायला मी गेलो नाही.

गेल्या वर्षी तो निवृत्त झाला. अध्यक्षांचा नादही बदलला, आता त्यांना घोडे लागतात असं ऐकलं. एके सकाळी सर दुकानात आला. केस बरेच पांढरे झालेले. पिशवीतून त्यानं ती डीव्हीडी काढली आणि काउंटरवर ठेवली.

"घे," तो म्हणाला. "साहेबांकडून मागून आनली."

बाहेरच्या देशात ती आता मिळत नाही, छपाई संपली, हे मी फोनवर बघून ठेवलेलं होतं. वरच्या चित्रात गाढवाच्या गळ्यात पिशवी होती. मी हात लावला नाही.

"मला नको."

"राग धरून काय मिळतंय मिस्त्री आता?"

"राग न्हाई," मी म्हटलं. "नको म्हणजे नको."

तेवढ्यात एक जण सेट-टॉप बॉक्स घेऊन आला. त्याला सकाळपासून एकही चॅनल दिसत नव्हतं. मी बॉक्स उघडला, अडॅप्टर तपासला, तो जळाला होता. दुसरा लावून दिला. मान वर केली तेव्हा सर गेला होता. डीव्हीडी त्यानं परत नेली होती.