ऐकून घेणाऱ्या बाई

इथे परदेशात, डँडेनॉन्गच्या त्या भारतीय किराणा दुकानात मी शक्यतो बोट दाखवूनच सामान घ्यायचो. मी बोलताना अडखळतो, आणि माझं वाक्य पुरं करून टाकायची लोकांना भारी हौस असते. काउंटरवरच्या नव्या बाईंना ती नव्हती.

त्या दिवशी मला कढीपत्ता हवा होता. 'क'वरच गाडी अडली. बाईंनी हातातला स्कॅनर खाली ठेवला, दोन्ही तळवे काउंटरवर टेकले आणि माझ्याकडे बघत राहिल्या. चेहऱ्यावर घाई नाही, कीवही नाही. मागे रांगेत चुळबुळ सुरू झाली. "हरी अप, मेट!" कुणीतरी ओरडलं.

मालक आतून म्हणाले, "मॅडम, पुण्यात असाल तुम्ही स्पीच थेरपिस्ट. इथे तुमची डिग्री अजून मान्य झालेली नाही. आटपा."

बाईंनी मानसुद्धा वळवली नाही. "मान्यता उपचार करायला लागते, दादा. ऐकून घ्यायला नाही लागत."

कढीपत्त्याची पाकिटं समोरच पडली होती. नुसतं बोट दाखवलं असतं तरी भागलं असतं. मी दोन्ही हात खिशात घातले आणि पुन्हा 'क'पासून सुरुवात केली.