नकोबांचं स्वतःचं कार्ड

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भावोजी, दिवसभरात सगळ्यात जास्त वेळा एकच शब्द बोलतात: 'नको'. म्हणून गिऱ्हाइकांनीच त्यांचं नाव नकोबा पाडलं. त्यांचं खेळाडूंच्या कार्डांचं छोटं दुकान आहे. लोक वर्षानुवर्षं जपलेली कार्डं घेऊन येतात आणि विचारतात, हे ग्रेडिंगला पाठवू का? ग्रेडिंगवाली कंपनी कार्ड तपासते, दहापैकी गुण देते आणि प्लास्टिकच्या बंद डबीत घालून परत पाठवते. दहा पडले तर त्या कागदाच्या तुकड्याचं सोनं होतं. सात-आठ पडले तर पाठवणावळही अंगावर येते.

भावोजी टेबलावरचा दिवा तिरका करतात, कार्ड कडांनी धरून कलतं करतात. आधी कोपरे, मग कडा, मग वरची चकाकी. शेवटी चित्र मधोमध छापलंय की एका अंगाला सरकलंय, ते बघतात. मग एक सुस्कारा आणि "नको." समोरच्याचं तोंड एवढंसं होतं. कोणी हुज्जत घालतं, कोणी तणतणत निघून जातं आणि काही आठवड्यांनी सात गुणांची डबी घेऊन गुपचूप परत येतं. आयुष्यभर लोकांच्या आशेवर पाणी ओतायचं म्हणजे माणूस थकणार नाही तर काय!

दुपारी हाताखाली मी असते. "आज किती जणांना रडवलंत?" असं विचारलं की म्हणतात, "आता मीच रडायचा बाकी आहे."

त्यांचं स्वतःचंही एक कार्ड होतं. झेप घेतलेला गोलरक्षक, मागे चंदेरी चकाकी. लग्नाआधी एका पाकिटात निघालं, तेव्हापासून कव्हरात घालून कपाटात. दुसऱ्याला फटकन नको म्हणणारा हा माणूस स्वतःचं कार्ड पाठवायला मात्र घाबरायचा. यंदा गुडघ्यांनी फारच छळलं, तेव्हा कुठे मनावर घेतलं. "दहा नक्की पडणार. मग कार्ड विकायचं, शटर ओढायचं आणि रोज दुपारी झोपायचं," असं ते ताईला म्हणाले. दुपारची झोप! चैनीची ही झेप गोलरक्षकाच्या झेपेपुढे फारच तोकडी होती, पण त्यासाठी ते अगदी आसुसले होते.

पार्सल बांधणार, तेवढ्यात पित्ताशयाच्या खड्यांनी त्यांना दवाखान्यात नेऊन टाकलं. ताई तिथल्या लोखंडी खुर्चीत बसून झोपायची, घरी फक्त आंघोळीला यायची. त्यांना घरी आणलं त्या दिवशी तिने मोठ्या कौतुकाने कार्ड त्यांच्या हातात दिलं. "जरा धुरकट दिसत होतं हो. माझ्या चष्म्याच्या फडक्याने छान पुसून ठेवलंय. आता पाठवा."

कार्डाला फडकं लावायचं नसतं, हे दुकानात बाहेरच्या माणसाला पहिल्यांदा सांगतात. घरच्या माणसाला कोण सांगतं?

भावोजी "बरं" म्हणाले. दुकानात आल्यावर त्यांनी दिवा तिरका केला आणि मला हाक मारली. गोलरक्षकाच्या अंगभर बारीक बारीक गोल ओरखडे होते. हात जसा फिरला होता, तसे. दहा सोडाच, सातसुद्धा पडले नसते.

मी भडकले. "ताईला सांगून टाका! हे काय केलंस म्हणून विचारा तरी!"

"काय विचारू? खुर्चीत बसून पाठ मोडली तिची. आता तिला हे दाखवू?" एवढं बोलून त्यांनी कार्ड कव्हरात सरकवलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाला नको म्हणायला घेतलं. मला रडू आवरेना, म्हणून मी मागे जाऊन उगाच खोकी रचत बसले.

घरी त्यांनी ताईला सांगितलं, "एक कोपरा पहिल्यापासूनच दुमडलेला होता. इतकी वर्षं माझ्या नजरेतून सुटला. नाही पाठवत."

"अगं बाई! म्हणजे तुमची नजर गेली की!" ताईने कपाळाला हात लावला. नजर हीच या माणसाची सारी मिजास, आणि तीच त्यांनी तिच्या पायाशी टाकली होती. तिला त्याचा पत्ताही नव्हता. ती भेटेल त्याला काळजीने सांगत सुटली, "यांना आता नीट दिसत नाही हो." दोन जुनी गिऱ्हाइकं दुसरीकडे जाऊ लागली.

शेवटी ताईने त्यांना हाताला धरून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. भावोजी एकटेच आत गेले आणि चष्म्याची चिठ्ठी घेऊन बाहेर आले. त्या चष्म्याला नंबर नाही, नुसती साधी काच आहे, हे फक्त मला माहीत आहे. दुकान उघडलं की ते तो काढून खणात टाकतात आणि शटर ओढताना पुन्हा घालतात.

संध्याकाळी घरात पाऊल टाकलं की ताई म्हणते, "अहो, किती धूळ बसलीय याच्यावर!" चष्मा त्यांच्या नाकावरून उतरवते, तेच मऊ फडकं घेऊन गोल गोल पुसते आणि परत त्यांच्या डोळ्यांवर चढवते. "आता दिसतंय ना नीट?"

"हो," भावोजी म्हणतात. "आता छान दिसतंय."