फोनवरचे ‘सिरियस’

कंपनीतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यापासून दर गुरुवारी मी चाकणजवळच्या एका पोलीस ठाण्यात जाऊन बसतो. पद नाही, मानधन नाही. ज्या पोलिसाला मन मोकळे करावेसे वाटेल त्याचे ऐकायचे, एवढेच काम. गळ्यात तुळशीची माळ असल्यामुळे तिथे सगळे मला ‘महाराज’ म्हणतात. मी कीर्तनकार नाही, हे सांगून दमलो, तेव्हा एक वयस्कर हवालदार म्हणाले, “असू द्या हो महाराज, आम्ही तरी कुठं पोलीस वाटतो?” आणि त्यांचे सुटलेले पोट हसण्याने हलले. तेव्हापासून आमची गट्टी.

अपघाताचे निरोप देण्याचे काम त्यांच्याकडे असे. ठाण्याची जुनी रीत अशी, की दूरगावच्या नातेवाइकांना फोनवर मृत्यू सांगायचा नाही. ‘पेशंट सिरियस आहे, लगेच निघा’ एवढेच म्हणायचे. प्रवासात माणसे कोसळू नयेत म्हणून. मला ते पटत नसे. असत्य ते असत्यच, असे मी एकदा बोलूनही गेलो. त्या दिवशी त्यांनी मला दुसरा चहा विचारला नाही.

मग एका गुरुवारी सकाळी महामार्गावर कंटेनरखाली एक तरुण कामगार गेला. हवालदारांनी लातूरकडे त्याच्या वडिलांना नेहमीचा फोन केला. संध्याकाळी ते रुग्णालयात पोहोचणार होते.

“महाराज, आज तुम्ही सांगा त्यांना. ज्या तोंडानं सकाळी खोटं बोललो, त्याच तोंडानं खरं सांगायला जीभ रेटत नाही आता.”

मी हो म्हणालो. केवळ करुणेपोटी म्हणालो असतो तर बरे झाले असते. पण योग्य शब्द आपल्यालाच सापडतील, हा गर्वही त्यात होता. रिक्षात मी मनाशी वाक्ये जुळवू लागलो.

“पाठांतर चाललंय का?” हवालदारांनी विचारले. मी ओशाळलो.

वडिलांबरोबर आईही आली होती; पिशवीत मुलासाठी स्वेटर आणि धपाट्यांचा डबा. तिला बाकावर बसवून वडील एकटेच आमच्याकडे आले. मी तोंड उघडण्याआधीच ते म्हणाले, “सिरियस म्हणलाव, तवाच कळलं मला.”

हवालदारांची मान खाली गेली. “काका, माफ करा.”

“माफी कशाची? तुमी तसं म्हणलाव म्हणून हिला इथवर आणता आलं. वाटंभर बोलत होती, त्याला काय काय खाऊ घालायचं ते.” त्यांनी उपरण्याने तोंड पुसले. “आता मीच सांगतो. तुमी दोघं निस्तं जवळ ऱ्हावा.”

मी जुळवलेल्या वाक्यांची कुणालाच गरज नव्हती. आम्ही बाकाशेजारी उभे राहिलो. वडिलांनी पत्नीचा हात हातात घेतला. तिने आधी नवऱ्याकडे पाहिले, मग खाकी वर्दीकडे, आणि हवालदारांचीच बाही घट्ट धरून ती रडू लागली. ते अवघडलेल्या गुडघ्यांनिशी खाली फरशीवर बसले. “रडा, माय,” एवढेच म्हणाले. तिने बाही सोडेपर्यंत ते हलले नाहीत, मीही नाही.