भंगारातला अर्धा शब्द

मध्य आफ्रिकेतल्या शांतिसेनेत जायचा हुकूम आला, तेव्हा मी इंजिनियर रेजिमेंटमध्ये हवालदार होतो. निघण्याआधी मला लष्कराच्या भाषाशाळेत फ्रेंच शिकायला धाडलं. कोरीटला घरी अहिराणी, शाळेत मराठी, पलटणीत हिंदी, आणि आता हे. बायको म्हणाली, "आधी घरमा धड बोला, मंग फ्रेंच शिका."

तिकडच्या फौजेचा सगळा कारभार फ्रेंचमध्ये चालायचा. सुरुंगांची माहिती, दारूगोळ्याच्या पेट्यांवरचे शिक्के, वायरलेसवरचे निरोप, सगळं मी इंग्रजीत करून आमच्या मेजरसाहेबांना द्यायचो. या कामात सोपा दिसणारा शब्द सर्वांत घातकी. 'आंजँ' हा शब्द इंग्रजी 'इंजिन'सारखा दिसतो, पण त्याचा अर्थ नुसता 'साधन' किंवा 'उपकरण', आणि फौजेच्या निरोपात बहुतेकदा बॉम्ब. आमच्या आधीच्या तुकडीतल्या कुणीतरी त्याचं 'इंजिन' केलं. बंद पडलेली गाडी ओढून आणायला म्हणून माणसं गेली. रस्त्याच्या कडेला बॉम्ब पुरलेला होता. ड्रायव्हरला वायर दिसली म्हणून सगळे वाचले. तसंच 'फ्यूझे'. बाहेरच्या जगात त्याचा अर्थ रॉकेट, तोफगोळ्यावर लिहिला असेल तर फ्यूज, म्हणजे गोळा फोडणारं तोंड. हे दोन शब्द मी माझ्या सेक्शनच्या जवानांकडून रोज घोकून घ्यायचो.

त्यांतला नाईक करमसिंग वसावे सर्वांत चांगला होता. तो पहाडातल्या काठी गावचा. घरची बोली भिली, मराठी शाळेतली. फ्रेंच शब्द तो कानाने धरायचा. एकदा ऐकला की उच्चार पक्का. अर्थ विचारायचा आणि मग गप्प बसायचा. मिशनवरून आम्ही दोघेही धडधाकट परत आलो.

पुढच्या होळीला आम्हा दोघांची रजा एकाच वेळी लागली. करमसिंग काठीला होता, मी कोरीटला. काठीची होळी म्हणजे त्यांच्यासाठी वर्षातला सर्वांत मोठा दिवस. त्याच्या वडिलांनी त्या वर्षी बावा होण्याचं, म्हणजे मोरपिसांचा टोप आणि कमरेला घुंगरू बांधून होळीपुढे नाचण्याचं, व्रत धरलं होतं. बापाच्या कमरेचे घुंगरू आपण स्वतः बांधणार, असं करमसिंगने मला फोनवर सांगितलं होतं.

होळीच्या आधीच्या बाजाराच्या दिवशी सकाळी मला अक्कलकुव्याच्या फौजदारांचा फोन आला. माझा नंबर त्यांना आमच्या गावच्या पोलीस पाटलाने दिला होता.

"हवालदार, तुम्हाला फ्रेंच येतं ना? एक फोटो पाठवलाय. बघा."

अक्कलकुव्याच्या बाजाराशेजारी, हायवेला लागून रफिकभाईंचं भंगाराचं आवार होतं. गुजरातच्या बंदरावरून आलेलं परदेशी भंगार तिथे तोडलं जाई. आदल्या संध्याकाळी उतरवलेल्या मालात लोखंडी नळकांडी निघाली. गॅस कटरवाल्याने एकाला ज्योत लावायच्या आधी वरचा गंज झटकला आणि त्याला अक्षरं दिसली. त्याने कटर बंद केला आणि रफिकभाईंना बोलावलं. रफिकभाईंनी सगळी माणसं बाहेर काढली आणि ठाण्यावर फोन केला. दोघांनीही जे करायला हवं होतं तेच केलं.

फोटोत मोर्टारचा, म्हणजे उखळी तोफेचा, गोळा होता. फौजदारांच्या मोबाइलने अक्षरांचं भाषांतर 'रॉकेट' असं दिलं होतं, आणि पुढे 'सराव'. म्हणून त्यांना वाटत होतं की हा सरावाचा, पोकळ माल असेल.

"साहेब, ते रॉकेट नाही, फ्यूज आहे," मी म्हणालो. "म्हणजे गोळ्याला तोंड बसवलेलं आहे. कुणालाही जवळ जाऊ देऊ नका. बाजार हटवा."

"आज? पहाडातली सगळी माणसं खाली उतरलीत, हवालदार."

"म्हणूनच सांगतोय."

मी बुटांच्या नाड्या बांधत होतो तेव्हा बायको ताट घेऊन आली. "दोन घास खाई ल्या."

"तू जेवी ले. माले येवाले येळ व्हई."

तिने ताट खाली ठेवलं.

तळोद्याच्या पुढे रस्ता जीप आणि मोटरसायकलींनी भरला होता. माणसं टपावर बसलेली, नवे कपडे, कुणाच्या खांद्यावर ढोल. सगळे मी चाललो होतो तिकडेच, बाजाराला निघालेले. वाटेत थांबून मी मेजरसाहेबांना फोन लावला. ते म्हणाले, बॉम्ब डिस्पोजलची टीम निघते आहे, पण पोचायला संध्याकाळ होईल. तोवर गोळ्यांवरची प्रत्येक खूण मला इंग्रजीत हवी. टीम त्यावरून तयारी करेल.

करमसिंग माझ्याआधी पोचला होता. बाजारासाठी तो सकाळीच खाली उतरला होता, मी वाटेतून फोन केल्यावर लगेच आला. अंगात फिका शर्ट, हातात बापासाठी घेतलेल्या मोरपिसांची जुडी. ती त्याने फौजदारांच्या जीपमध्ये ठेवली.

"उस्ताद, ऊन वाढतंय," तो म्हणाला. "गोळे पत्र्यावर पडलेत."

आवाराला तीन बाजूंनी विटांची उंच भिंत होती. फाटक एकच, आणि फाटकातून आत जाणारी वाट भंगाराच्या ढिगाशेजारून. मी भिंतीबाहेर जीपच्या आडोशाला बसलो. एका फोनवर मेजरसाहेब, दुसऱ्यावर करमसिंग. तो दुर्बीण घेऊन आत गेला. तो तरुण होता, नजर चांगली होती, आणि अशा वेळी जवळ एकानेच जायचं असतं. हाताने काही हलवायचं नाही, असा हुकूम होता. त्याने तो पाळला.

तो एकेक अक्षर सांगायचा. मी शब्द जुळवायचो, इंग्रजीत मेजरसाहेबांना सांगायचो. पहिल्या गोळ्यावर सरावाचा शिक्का. दुसऱ्यावर तोच. तिसऱ्याचं तोंडच नव्हतं. बाहेर पोलिसांचा भोंगा माणसांना मागे रेटत होता. आधी ढोल थांबले, मग दुकानांची शटर पडली. इतकी माणसं असूनही बाजार गप्प झाला. मला ते बरं वाटलं नाही.

"उस्ताद, चौथा. हा वेगळा आहे. याला तोंड आहे, पण सरावाचा शिक्का नाही."

"वाच."

"सुरुवात गंजाने खाल्लीय. मग ए, एम, ओ, आर, सी, ई. ईवर तिरकी रेघ."

"त्याच्या आधी काय आहे? नीट बघ."

"काहीतरी होतं. आता नुसता गंज आहे. किंवा काहीच नव्हतं."

'आमोर्से' म्हणजे सज्ज, जिवंत. त्याच्याआधी तीन अक्षरं लागली की होतं 'देझामोर्से', म्हणजे निकामी केलेला. त्या गंजाखाली ती तीन अक्षरं होती की नव्हती, हे कुणालाच सांगता येणार नव्हतं.

मी मेजरसाहेबांना तसंच सांगितलं. "सर, हाफ अ वर्ड. आर्म्ड ऑर डिसार्म्ड, कॅनॉट कन्फर्म."

"ट्रीट ॲज लाइव्ह. त्याला बाहेर काढ. आत्ता."

"करमसिंग, जिवंत धर. परत ये."

"येतो."

मी त्याच्या पावलांचा आवाज फोनवर ऐकत होतो. तो थांबला.

"करमसिंग?"

"उस्ताद, आत कुणीतरी आहे. कण्हतंय."

रफिकभाई माझ्या शेजारीच उभे होते. त्यांचा चेहरा उतरला. "जमनाबाई," ते म्हणाले. "मागच्या पत्र्याच्या खोलीत असते. मजुरीला येते. काल बुखार होता. मी समजलो, बाजार करायला गेली. या अल्लाह."

मी मेजरसाहेबांना सांगितलं. त्यांनी टीम किती लांब आहे ते विचारून घेतलं. मग म्हणाले, "मॅन ऑन द स्पॉट डिसाइड्स."

मी ते करमसिंगला सांगेपर्यंत तो खोलीकडे वळला होता. फोन त्याच्या खिशात चालूच होता. तो तिच्याशी भिलीत बोलत होता. मला शब्द कळले नाहीत. आवाज मात्र ओळखीचा वाटला, आजारी जनावराला गोठ्यात चुचकारतात तसा. तिला चालता येत नव्हतं. त्याने तिला खांद्यावर घेतलं.

"उस्ताद, ढिगाशेजारून नेत नाही. मागच्या भिंतीवरून देतो. माणूस पाठवा."

रफिकभाई माझ्याआधी धावले. साठी उलटलेला माणूस. मागच्या बाजूला एक रिकामं पिंप होतं, ते त्यांनी भिंतीला लावलं आणि वर चढले. मी खालून धरलं. भिंतीवर आधी तिचे केस दिसले, मग हात. रफिकभाईंनी तिला काखेत धरून ओढलं. ती माझ्या अंगावर आली. अंग तव्यासारखं तापलेलं होतं.

"आली का?" पलीकडून करमसिंगने विचारलं.

"आली. तू चढ."

"चढतो."

त्याचा एक हात भिंतीवर आला. बोटं मी पाहिली. त्याच वेळी आत लोखंड घसरल्याचा आवाज झाला. कटरने अर्धवट कापलेली एक जाड प्लेट ढिगावर टेकून उभी होती. सकाळपासून ती उन्हात होती. तीच सरकली असावी, असं टीमने नंतर सांगितलं.

स्फोटाचा आवाज मला आठवत नाही. धूळ आठवते. भिंत उभी राहिली आणि आम्ही तिघे तिच्यामागे वाचलो. तो हात भिंतीवर नव्हता.

संध्याकाळी टीम आली. उरलेले गोळे त्यांनी लांब नदीपात्रात नेऊन नष्ट केले. बाजारातल्या एकाही माणसाला खरचटलं नाही. मी मेजरसाहेबांना प्रत्येक गोळ्याची माहिती इंग्रजीत पुन्हा सांगितली. चौथ्यापाशी आलो तेव्हा ते म्हणाले, "राहू दे. तो मी लिहितो."

करमसिंगला आम्ही काठीला नेलं. तिरंगा, बिगुल, सलामी. होळी पहाटे पेटली, ती थांबवता येत नाही. त्याच्या वडिलांनी व्रत मोडलं नाही. घुंगरू मी बांधले. गाठ नीट बसेना. त्यांनी मला पुन्हा बांधायला लावली आणि तोवर शांत उभे राहिले.

पावसाळ्याच्या तोंडावर मी पुन्हा रजेवर आलो आणि काठीला गेलो. अंगणात वडील बाजेवर बसले होते आणि त्यांच्यासमोर एक बाई जमिनीवर बसली होती. शेजारी टोपलीखाली कोंबडी. जमनाबाई. कुणीतरी वाट सांगितली होती, आणि ती पायी डोंगर चढून आली होती. मला तिने ओळखलं नाही. त्या दिवशी तिने कुणालाच नीट पाहिलं नव्हतं. खांद्यावर घेणाऱ्याने तिला आपल्या बोलीत सांगितलं होतं की घाबरू नकोस, मी काठीचा आहे. तेवढंच तिला ठाऊक होतं.

तिने वडिलांना त्याचं नाव विचारलं.

त्यांनी सांगितलं. तिने ते एकदा म्हणून पाहिलं. आवाज बसलेला होता, अर्धं नाव घशातच राहिलं. वडील थोडे पुढे झुकले आणि त्यांनी तिला ते पुन्हा सांगितलं, सावकाश, पूर्ण. करमसिंग रुपसिंग वसावे.

या वेळी तिने ते नीट म्हटलं.