गुलाबी राहिलेलं पाणी

आमच्या पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत आज खिडकीपाशी दोन फ्लास्क उन्हात शेजारी शेजारी उभे होते. पाणी एकाच विहिरीचं. जुन्या पद्धतीनं तपासलेलं हवं तसं छान निळं झालं, नव्या पद्धतीचं मात्र गुलाबीच राहिलं. गेली नवी पद्धत बाद, असं मला वाटलं. पण मॅडम शांतपणे म्हणाल्या, "फरक पडला म्हणून नवीच चुकली असं कशाला धरायचं? जुनीही पुन्हा तपासू."

तपासणीच्या पद्धतीवर कुणी जळतं का? त्या नव्या पद्धतीवर मी जळले. मी नवऱ्याची दुसरी बायको. पहिला घास घेतला की सासूबाई म्हणतात, "तिच्या आमटीची चव नाही गं हिला."

ती भिंतीवर आहे, हार घातलेल्या फोटोत. तिची आमटी आता पुन्हा कोण तपासणार?