टोकेकर गुरुजींच्या कोंबडीचा ताप

टोकेकर गुरुजी म्हणजे मोजमापाचा माणूस. फळ्यावर साधी रेघ मारायची तरी पट्टी लावायचे. चौऱ्याण्णव साली ते भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला एका वाडीत शाळेवर होते. घरात ते आणि त्यांच्या पत्नी लीनाताई, दोघंच. दोघंही संगमनेरचे, सात पिढ्या वरणभातावर वाढलेले. अशा घरात कोंबडी आली ती बनुबाईमुळे. पोरगी सातवी पास झाली म्हणून त्या माउलीनं जिवंत कोंबडीच गुरुजींच्या हातात ठेवली. आता नको कसं म्हणणार? लीनाताईंनी एक अट घातली, "अंडं माझ्या उंबऱ्याच्या आत येणार नाही." मग अंगणातली अंडी शेजारच्या सहादेवाकडे जाऊ लागली, आणि गुरुजी कोंबडीला ठकूताई म्हणू लागले. शाळेतून आले की आधी ठकूताई, मग चहा. इतका लळा त्या माणसाला उभ्या जन्मात कशाचा लागला नव्हता.

डिसेंबरात ठकूताई स्वयंपाकघरात शिरली आणि चुलीजवळच्या बटाट्यांच्या टोपलीत बसली. बसली ती बसलीच. दाणा खाईना, पिसं फुगवलेली, घशातून कण्हल्यासारखा आवाज. गुरुजींनी हात लावला तर कचकन चोच मारली.

"तापात वात झालाय," गुरुजी म्हणाले आणि त्यांनी तिच्या पंखाखाली थर्मामीटर धरला. पारा चढत चढत एकशे सातवर गेला.

झालं! घराचा दवाखाना झाला. गुरुजी तिच्या तुऱ्यावर मिठाच्या पाण्याच्या घड्या ठेवू लागले. लीनाताईंनी मऊ मेतकूट-भात केला, वर साजूक तूप. सुंठ उगाळून चोचीला लावली, ओव्याचा शेक दिला. ठकूताईनं दोघांनाही चावून काढलं.

"अठरा वर्षं झाली लग्नाला," लीनाताई बोटाला हळद लावत म्हणाल्या, "माझ्या कपाळावर कधी घडी ठेवलीत का हो?"

"अगं, तुला कधी एकशे सात झालाय का?" गुरुजी म्हणाले.

सहादेवानं ऐकलं आणि त्याची पाचावर धारण बसली. त्याच्या स्वतःच्या नऊ कोंबड्या होत्या. "एकशे सात? आवं गुरुजी, मानूस बी वाचायचा न्हाई त्यात! ही कोंबड्यांची मर हाय, समदी वाडी साफ हुईल. रईवारपत्तुर उठली न्हाई तर मी येऊन मोकळी करतो तिला." जन्मभर कोंबड्या पाळलेला गडी, पण ताप कधी मोजला होता कुणी? आणि गुरुजी कुणाला बघू देतील तर शपथ. संसर्ग होईल म्हणून टोपलीवर शाल.

रविवार उजाडला. ठकूताई उठली नाही. सहादेव सुरी घेऊन दारात आला, आणि गुरुजी चौकटीत आडवे उभे राहिले. डोळ्यांतून घळाघळा पाणी. "सहादेव, मी हिला घेऊन रजेवर जातो. डोंगरापलीकडे जातो. पण हिला हात लावू नकोस रे."

तेवढ्यात बनुबाई आली. आपली कोंबडी आजारी पडल्याचं तिच्या कानावर गेलं होतं. दोघांनाही बाजूला सारून ती थेट टोपलीपाशी गेली आणि तिनं शाल उचलली. मग कपाळावर हात मारला. "अगं बया! आवं ही खुडूक हाय! अंडी उबवाया बसलीया, बटाट्यावर!"

"आणि ताप?" गुरुजींनी विचारलं.

बनुबाईनं सहादेवाचा कोंबडा धरून आणला. एकशे सात. गुरुजींना ते पटेना; त्यांनी सहादेवाच्या नऊच्या नऊ कोंबड्या मोजल्या, वहीत नोंद केली. सगळ्या एकशे सहा-सातच्या आसपास, आणि सगळ्या उकिरडा उकरायला मोकळ्या.

"कोंबडीचं आंग असंच गरम असतंय व्हय," सहादेव सुरी पाठीमागं लपवत म्हणाला.

"ते ऱ्हाऊ द्या," बनुबाई म्हणाली, "पन लई दीस उपाशी हाय ही. बटाटं उबवीत बसंल आन् वाळून जाईल. हिला अंडी तरी द्या, न्हाई तर बाहेर काढून कोंडा."

गुरुजींनी बायकोकडे बघितलं. लीनाताईंनी चुलीकडे बघितलं, देवाच्या कोनाड्याकडे बघितलं, टोपलीत फुगून बसलेल्या त्या उपाशी जिवाकडे बघितलं. मग पदर खोचला आणि तरातरा सहादेवाच्या अंगणात गेल्या.

परत आल्या तेव्हा त्यांच्या ओच्यात अकरा अंडी होती. उंबरा ओलांडून त्या आत आल्या, बटाटे बाहेर काढले आणि एकेक अंडं हलक्या हातानं ठकूताईखाली सरकवलं. ठकूताईनं त्यांना पुन्हा चावलं.

"बघत काय उभे राहिलात?" त्या नवऱ्यावर खेकसल्या. "देव उचला, आणि स्टोव्ह ओसरीवर न्या. एकवीस दिवस ही खोली तिची आहे."